टिअर्स ऑफ द किंगडम: मॅप तोच आहे, मग घ्यावी का?

तुम्ही विचारलंय की निन्टेंडो स्विचवरची झेल्डा मालिकेतली ब्रेथ ऑफ द वाइल्ड पूर्ण खेळून झाली, जाम आवडली, पण तिच्या पुढच्या भागात, टिअर्स ऑफ द किंगडममध्ये, परत तोच हायरूल (गेममधलं राज्य) आहे असं ऐकलंय आणि गेम काही स्वस्त नाही, तर पैसे वसूल होतील का. माझं उत्तर सरळ आहे, घ्या. आणि मॅप तोच आहे म्हणून कचरत असाल तर माझ्या मते ह्या गेमची अर्धी मजा तो मॅप तोच असण्यातच आहे. हे जरा सविस्तर लिहितो. शेवटाचे आणि कथेचे स्पॉयलर टाळतोय, निवांत वाचा.

आधीच्या गेममध्ये तुम्ही काय करत होतात आठवा. डोंगर दिसला की चढायचं, स्टॅमिना संपत आला की एखादी खाच शोधायची, अर्ध्यात पाऊस आला की घसरून खाली, मग शेकोटी पेटवून पाऊस थांबायची वाट बघत बसायचं. त्यामुळे त्या हायरूलचा प्रत्येक कडा आपल्या डोक्यात बसलाय, कुठून चढता येतं, कुठे येत नाही. आता दुसऱ्या भागात तुमच्याकडे असेन्ड नावाची पॉवर आहे. डोक्यावर छत असेल, गुहेचं असो, पुलाचं असो, नाहीतर पुढे आलेल्या कड्याचं असो, लिंक, म्हणजे आपला नायक, त्या दगडातून पोहत वर जातो आणि थेट माथ्यावर डोकं बाहेर काढतो. ज्या डोंगराने तुम्हाला तेव्हा रडवलं होतं त्याच्या पोटात आता गुहा आहे, तुम्ही गुहेत शिरता, आतून भटकता आणि निघता ते शिखरावर. हा आनंद नव्या मॅपवर मिळालाच नसता, कारण तो डोंगर अवघड होता हे तुम्हाला आधी माहीत असायला लागतं. गंमत म्हणजे ही पॉवर मुळात डेव्हलपर लोकांची सोय होती, गुहा तपासून झाल्यावर परत चालत यायचा कंटाळा म्हणून केलेली, मग खेळाडूंनाच देऊन टाकूया असं ठरलं, हे गेमचे निर्माते आओनुमा आणि दिग्दर्शक फुजिबायाशी दोघांनी मुलाखतीत सांगितलंय.

पण खरा जीव आहे तो अल्ट्राहँडमध्ये. फळ्या, चाकं, पंखे, रॉकेट, फुगे, काहीही उचलून एकमेकांना चिकटवायचं. ऐकायला हे मुलांच्या खेळण्यासारखं वाटतं, मलाही ट्रेलर बघून वाटलं होतं की गाड्या बनवायला मी झेल्डा खेळतोय का. पण खेळताना कळतं की ह्या एका गोष्टीने सगळ्या गेमचा प्रश्नच बदलून टाकलाय. आधी नदी लागली की पलीकडे जायचा एक-दोन ठरलेल्या मार्गांपैकी एक शोधायचा, आता नदी लागली की आजूबाजूला काय पडलंय ते बघायचं. ओंडके आहेत, चला तराफा. पंखा आहे, चला मोटरबोट. काहीच नाही तर नुसते ओंडके एकापुढे एक चिकटवून लांबलचक पूल, आणि तो पण चालतो! गेम तुम्हाला कुठेच म्हणत नाही की असं नाही करायचं. श्राइनमध्ये, म्हणजे कोडी सोडवायच्या छोट्या देवळांमध्ये, तर हे फार जाणवतं. एकूण 152 श्राइन आहेत आणि कितीतरी ठिकाणी मी जे केलं ते बनवणाऱ्यांच्या मनात असेल असं मला बिलकुल वाटत नाही, तरी दार उघडलं. माझा भाचा तर कथेकडे ढुंकूनही बघत नाही, तो नुसता तबेल्यांजवळ पडलेलं लाकूडसामान गोळा करून गाड्या जोडत बसतो आणि त्या उतारावरून सोडून देतो, आणि मी पण बाजूला बसून तितक्याच उत्सुकतेने बघतो की ही कुठपर्यंत जाते.

ह्याच्यामागे जे काम आहे त्याबद्दल मला मनापासून आदर आहे. 2024 च्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये टीमने सांगितलं की जगातली झाडून सगळी हलणारी वस्तू फिजिक्सवर आणावी लागली, कारण एखादी गोष्ट जरी आधीच्या पद्धतीने ठरलेल्या अॅनिमेशनवर चालत राहिली की तिच्यावर दुसरी वस्तू आदळली की सगळा गोंधळ, वस्तू तुटतात, उडून जातात. आवाजाचं पण तेच, घोडागाडीचा असा वेगळा आवाज बनवलेलाच नाही, चाक, साखळी वगैरे जे भाग आहेत त्यांचे आवाज एकत्र येऊन आपोआप गाडीचा आवाज तयार होतो. आणि हे सगळं कुठल्या मशीनवर, तर 2017 च्या स्विचवर. मोठे मोठे बजेट असलेले गेम्स आज ग्राफिक्समध्ये कितीतरी पुढे आहेत, पण त्यांच्या जगात टेबल उचलायला गेलं तर टेबल जमिनीला खिळलेलं असतं. इथे काही खिळलेलं नाही.

फ्यूजबद्दल पण सांगायलाच हवं, कारण पहिल्या भागात शस्त्रं तुटतात म्हणून वैतागून गेम सोडलेले लोक मला माहीत आहेत. शस्त्रं इथेही तुटतात. पण आता कथेतच जगभरातली शस्त्रं गंजून कुजून गेलीयत, नुसती तलवार काही कामाची नाही, तिला काहीतरी जोडावंच लागतं, आणि जोडायला सगळ्यात चांगलं काय तर मारलेल्या राक्षसाचं शिंग. म्हणजे आधी मोठा राक्षस दिसला की आपण हिशोब करायचो की ह्याला मारण्यात माझ्या दोन चांगल्या तलवारी जाणार, जाऊदे, वळसा घालू. आता तोच राक्षस म्हणजे पुढची तलवार. बाणांचं तर विचारूच नका, कीस नावाच्या वटवाघळाचा डोळा लावला की बाण स्वतःहून शत्रूला शोधत जातो, मडल बड नावाची वनस्पती लावली की शत्रू आपापसात मारामारी करतात आणि तुम्ही झुडपात बसून बघायचं. फक्त प्रत्येक बाणाला ती वस्तू त्या लांबलचक पट्टीतून शोधून लावावी लागते आणि मारामारीच्या मध्यात हे खरंच त्रासदायक आहे. जास्त वापरलेल्या वस्तू आधी दाखव असं सॉर्टिंग आहे, ते लावून ठेवा.

आता मॅपचा मुद्दा. जमीन तीच असली तरी तिच्या वर आकाशातली बेटं आहेत आणि खाली डेप्थ्स नावाचं अख्खं पाताळ आहे, जवळजवळ वरच्या मॅपएवढं. रिलीजच्या आधी निन्टेंडोने ह्याबद्दल जवळपास काहीच दाखवलं नव्हतं, त्यामुळे 12 मे 2023 ला गेम आल्यावर ज्यांनी पहिल्यांदा त्या काळ्या खड्ड्यात उडी मारली आणि पडतच राहिले, पडतच राहिले, त्यांना काय वाटलं असेल ते मला नीट माहितीये कारण मी त्यातलाच एक. खाली मिट्ट काळोख. ब्राइटब्लूम बिया फेकत फेकत रस्ता उजळवायचा, ग्लूम नावाच्या विषारी चिखलाला पाय लागला की हार्ट्स (लिंकचा जीव) नुसते कमी होत नाहीत, तुटतात, आणि लाइटरूट नावाच्या उजेड देणाऱ्या मुळांपाशी किंवा वर गेल्याशिवाय परत येत नाहीत (सनडिलियन हे फूल घालून केलेलं जेवण सोबत ठेवा, त्यानेही येतात). आणि इथेच तोच मॅप परत कामाला येतो. वर जिथे श्राइन, बरोब्बर त्याच्या खाली लाइटरूट, नाव सुद्धा उलट्या अक्षरांचं. वर जिथे नदी-तलाव तिथे खाली अभेद्य भिंत. हे मला कोणी सांगितलं नव्हतं, दोन्ही मॅप आलटून पालटून बघताना एकदम लक्षात आलं आणि त्या रात्री झोपायला फार उशीर झाला. वरचं ज्ञान वापरून खालचा काळोख वाचता येतो, आणि खाली सापडलेल्या लाइटरूटवरून वरचं न सापडलेलं श्राइन शोधता येतं.

हे सगळं मान्य करूनही, आकाश आणि पाताळ दोन्हीबद्दल माझी तक्रार आहे. सुरुवातीचं ग्रेट स्काय आयलंड इतकं सुंदर आहे, पिवळी झाडं, थंडगार हवा, अवशेष, की वाटतं आता वर असंच कायकाय असणार. तसं नाहीये. बाकीची बेटं लहान आणि विखुरलेली आहेत, आणि बऱ्याच ठिकाणी त्याच त्याच रचना परत भेटतात. डेप्थ्स पण सुरुवातीला अंगावर येतं पण जसजसं उजळत जातं तसा तिथला एकसारखेपणा दिसायला लागतो. खजिन्याचे पेटारे, यीगा क्लॅन ह्या शत्रू टोळीचे तळ, झोनाइट खनिजाच्या खाणी, बस. अर्धं असतं तरी चाललं असतं.

जमिनीवर मात्र उलट आहे. पहिल्या भागानंतर काही वर्षं गेलीयत हे गावोगावी जाणवतं. हटेनोला राजकन्या झेल्डाने काढलेली शाळा आहे. पहिल्या भागात भेटलेल्या हडसनला मुलगी झालीये. लुरेलिनला पोचाल तर चाच्यांनी गाव उद्ध्वस्त केलेलं, ते सोडवायचं आणि परत उभं करायला लाकडं आणि तांदूळ आणून द्यायचे, आणि तुम्ही पहिल्या भागात तिथे समुद्राकाठी निवांत बसला असाल तर हे काम साइड क्वेस्ट वाटत नाही, आपलं वाटतं. आणि रीटो व्हिलेज! बर्फाच्या वादळात गाडलं गेलंय, मोठी माणसं अन्न शोधायला बाहेर, मुलंच गाव सांभाळतायत, आणि पहिल्या भागातलं छोटं पिल्लू टुलिन आता तुमच्याबरोबर उडतंय. तिथून वादळाच्या पोटात शिरायचं, हवेत तरंगणाऱ्या जहाजांच्या शिडांवर उड्या मारत वर वर वर जायचं, संगीत हळूहळू चढत जातं, आणि शेवटी त्या वादळाच्या बरोब्बर वर आल्यावर लिंक खाली झेपावतो. अख्ख्या गेममधला माझा सगळ्यात आवडता तास तो आहे, आणि त्यात एकही सेकंद लोडिंग नाही, ज्या जमिनीवरून निघालो ती खाली दिसत असते.

पण आठवणींच्या बाबतीत गेमने काही ठिकाणी खूप निराश केलं. पहिल्या भागातली डिव्हाइन बीस्ट्स, एवढी अवाढव्य यंत्रं, कुठे गेली ह्याबद्दल जवळजवळ चकार शब्द नाही. ज्यांच्यासाठी आपण एवढं केलं त्यातली काही माणसं लिंकला अनोळखी असल्यासारखं वागवतात. नव्या खेळाडूला अडचण येऊ नये म्हणून केलं असणार, पण सीक्वेल आहे ना, मग ज्याने आधीचा गेम जीव लावून खेळलाय त्याला थोडं तरी ओळखा. चार मुख्य टेंपल संपल्यावर चारही वेळा जवळपास तोच सीन दाखवलाय, तेच बोलणं, फक्त माणूस वेगळा. आणि सेज लोकांची, म्हणजे टुलिनसारख्या सोबत्यांची, शक्ती वापरायला धावपळीत त्यांच्याजवळ जाऊन बटण दाबावं लागतं, हे कोणाला आणि का सुचलं देव जाणे. शत्रूवर वारा सोडायचा असतो आणि टुलिन भलतीकडेच असतो.

अजून एक सल्ला, आणि हा मी प्रत्येकाला देतो. इंटरनेटवर तुम्हाला दोन पंखे आणि एक स्टिअरिंग स्टिक जोडून बनवलेली उडती बाइक दिसेल. स्वस्त आहे, पंखे गायब होत नाहीत, बॅटरी बऱ्यापैकी पुरते. पहिल्या टप्प्यात ती बनवू नका. एकदा ती हातात आली की तुम्ही सगळ्यावरून उडून जाता, गुहा दिसत नाहीत, वाटेतला साइनबोर्ड धरून उभा असलेला अॅडिसन दिसत नाही, मित्रापर्यंत पोचव म्हणून बसलेला दमलेला कोरोक (छोटा वनदूत) दिसत नाही. आणि हा गेम वाटेत आहे. घोडा घ्या, चालत जा. चेरीचं फुललेलं झाड दिसलं तर समोरच्या भांड्यात एखादं फळ ठेवा, आजूबाजूच्या गुहा उजेडाच्या खांबांनी दिसायला लागतात. आणि पावसात घसरणं अगदीच डोक्यात जात असेल तर तबेल्यांवर वर्तमानपत्राची कामं करत राहा, त्यातून बेडकाचा पोशाख मिळतो, पूर्ण सेट ग्रेट फेअरीकडून (शक्ती वाढवून देणारी परी) दोनदा अपग्रेड करून अंगावर घातला की ओल्या कड्यावरही घसरत नाही.

पैशांचं म्हणाल तर 70 डॉलरची किंमत तेव्हा स्विचच्या गेमसाठी जास्तच होती आणि इम्पोर्टेड कार्ट्रिज घेताना ते अजून जाणवतं. पण स्विचच्या कार्ट्रिजला रीजन लॉक नाही, त्यामुळे कुठल्याही देशाची असली तरी चालते, आणि ओळखीत कोणाकडे सेकंडहँड मिळाली तर बिनधास्त घ्या. जुन्या स्विचवर सेकंदाला 30 फ्रेमच्या आसपास चालते आणि अल्ट्राहँडने मोठं काही जोडताना किंवा गर्दीच्या जागी अडखळते, खेळता येत नाही असं मात्र अजिबात नाही. स्विच 2 असेल किंवा घ्यायचा विचार असेल तर त्यावर अपग्रेड घेऊन 60 फ्रेममध्ये खेळता येते आणि फरक लगेच दिसतो. फक्त ह्या गेमसाठी नवीन मशीन घेऊ नका.

कथेसाठी एकच गोष्ट लक्षात ठेवा. झेल्डाचं काय झालं हे जमिनीवर काढलेल्या प्रचंड चित्रांमधून, म्हणजे ड्रॅगन्स टिअर्समधून कळतं, आणि गेम तुम्हाला ती कुठल्याही क्रमाने बघू देतो. हे मला पटलेलं नाही, कारण चुकीचं चित्र आधी सापडलं की सगळ्यात मोठा धक्का वाया जातो. त्यामुळे पहिलं चित्र बघून झालं की इंपा नावाच्या म्हाताऱ्या बाईच्या मागे फरगॉटन टेंपलला जा. तिथे आत मोठा मॅप आहे आणि भिंतीवर ती चित्रं क्रमाने काढलीयत. मोबाइलवर फोटो काढून ठेवा आणि त्याच क्रमाने जा, एखादं वाटेत दिसलं तरी त्याची पाळी येईपर्यंत हात लावू नका. शेवटच्या चित्राआधी हेडफोन लावून बसा, आणि तेव्हा घरात कोणी हाक मारणार नाही अशी वेळ निवडा.