पावती परत येतेय का, ते आधी बघा

तुमची अडचण अशी: खारघरला घरात दोन्ही हौशी (हॅम) रेडिओ टेबलावर ठेवले की डायर वुल्फवरून, म्हणजे कॉम्प्युटरमधली माहिती आवाजात बदलून रेडिओवर पाठवणाऱ्या सॉफ्टवेअरवरून, फाईल व्यवस्थित जाते, पण घोडबंदर रोडच्या मित्राला पाठवायला घेतली की अर्ध्यावर अडकून कनेक्शन तुटतं. म्हणून दुसरं सॉफ्टवेअर घ्यावं का, असं विचारलंत. आत्ताच नको.

एएक्स.२५ मध्ये, म्हणजे हौशी रेडिओवर माहिती पॅकेटांनी (छोट्या तुकड्यांनी) पाठवण्याच्या पद्धतीत, कनेक्शन जोडून फाईल पाठवता तेव्हा समोरच्याने पॅकेट मिळाल्याची पावती पाठवावी लागते, तीही त्याच फ्रिक्वेन्सीवर. बहुतेक वेळा फाईल पोचत असते, पावती परत येत नसते. मग तुमचं सॉफ्टवेअर तेच पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवत राहतं आणि शेवटी नाद सोडतं. दोघांनी एकाच वेळी आपापला स्क्रीन बघा. मित्राकडे एकाच क्रमांकाचं पॅकेट सारखं येताना दिसलं, तर दोष परतीच्या वाटेवर आहे.

कारणं साधी असतात. तुमच्या गच्चीवर चांगला अँटेना आणि त्याच्या हातात ५ वॅटचा हँडसेट, हे पहिलं. दुसरं म्हणजे हँडसेटचा बॅटरी सेव्हर. तो रिसीव्हरला मधून मधून झोपवतो आणि पॅकेटची सुरुवात हुकते. तो बंदच करा. स्क्वेल्चही (सिग्नल नसताना खरखर बंद ठेवणारी सोय) उघडा ठेवा, कारण तो उघडायला वेळ घेतो. टीएक्सडिले, म्हणजे ट्रान्समिटर सुरू झाल्यावर माहिती पाठवण्याआधी थांबायचा वेळ, १० मिलिसेकंदांच्या एककात असतो, म्हणजे ३० लिहिलं की ३०० मिलिसेकंद. रेडिओ संथ असेल तर ४०-५० करून बघा, दोन्हीकडे.

आवाजाची पातळी डायर वुल्फ प्रत्येक पॅकेटबरोबर दाखवतो, ती ५० च्या आसपास हवी. पाठवताना मात्र कॉम्प्युटरचा आवाज कमीच ठेवा. जास्त झाला की माहिती वाहून नेणारे १२०० आणि २२०० हर्ट्झचे दोन्ही सूर फाटतात आणि ऐकायला जोरदार वाटणारं पॅकेटही उलगडत नाही.

टेबलावरच्या चाचणीने तारा आणि सेटिंग बरोबर आहेत एवढंच कळतं. तीसुद्धा डमी लोड (अँटेनाऐवजी लावायचा, पॉवर जिरवणारा रोधक) लावून, कमीत कमी पॉवरवर करा, नाहीतर जवळचा रिसीव्हर गुदमरतो. तुमच्या दोन घरांच्या मध्ये पारसिकचा डोंगर आडवा आहे, त्यामुळे सिग्नल वळून, आपटून पोचतो. म्हणून आधी एकाने ऐरोलीला आणि दुसऱ्याने ठाणे पूर्वेच्या कोपरीला, खाडीच्या दोन बाजूंना उभं राहून फाईल पाठवा. तिथे नीट गेली तर सॉफ्टवेअरचा विषय संपला, उरला डोंगर आणि अँटेना.

चाचणीची फाईल साधा मजकूर नको. ० ते २५५ सगळ्या किमतींचे बाइट असलेली बायनरी फाईल घ्या आणि दोन्हीकडे एसएचए-२५६ (फाईलवरून काढलेली ओळखखूण, एक बाइट बदलला तरी ती बदलते) जुळवा. काही टर्मिनल प्रोग्रॅम ओळ संपल्याची खूण परस्पर बदलतात. मजकुरात ते लक्षात येत नाही, झिप फाईल मात्र उघडत नाही. झिपला पासवर्ड लावू नका, हौशी बँडवर सांकेतिक मजकूर चालत नाही.

डोंगरापलीकडे पाठवताना पॅकलेन (एका पॅकेटमधले बाइट) १२८ किंवा ६४ करा, मॅक्सफ्रेम (पावती येण्याआधी पाठवायची पॅकेट्स) १ किंवा २. एक बिट जरी चुकला तरी अख्खं पॅकेट फेकलं जातं, त्यामुळे लहान पॅकेट वाचण्याची शक्यता जास्त. डायर वुल्फ १.६ किंवा पुढचा असेल तर एफएक्स.२५ सुरू करा. चुका दुरुस्त करण्याची सोय त्यात आहे आणि जुन्या सॉफ्टवेअरलाही ती पॅकेट्स वाचता येतात. वेगाची अपेक्षा माफक ठेवा: १२०० बिट म्हणजे सेकंदाला १५० बाइट, तेही कागदावर. १० केबीला मिनिटाहून जास्त लागणारच.

एवढं करूनही पावती येत नसेल, तर एफएलडिजी या हौशी रेडिओच्या सॉफ्टवेअरबरोबर फ्लॅम्प हा फाईल पाठवणारा प्रोग्रॅम वापरा. तो फाईलचे तुकडे करून पाठवतो, ऐकणारा शेवटी न मिळालेल्या तुकड्यांचे क्रमांक कळवतो, तेवढेच पुन्हा जातात. एकाच वेळी पाच जणांना एकच फाईल पाठवायची असेल तर मला हाच मार्ग सगळ्यात भरवशाचा वाटतो.

आणि शेवटची फेरी बॅटरीवर घ्या, विजेवर नको. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा मुंबईत बऱ्याच ठिकाणी वीज आणि फोन दोन्ही गेले होते. आपण ही रेडिओची जोडणी करतो ती अशाच दिवसासाठी. बॅटरी उतरली की पॉवर पडते, आणि पहिली हरवते ती पावतीच.

दोन्ही कॉम्प्युटरची घड्याळं जुळवून पुढची चाचणी करा आणि दोन्हीकडचे लॉग इथे टाका. एकाच बाजूचा लॉग पाहून काही सांगता येणार नाही.