चांदिवलीच्या डेटा सेंटरमधल्या आमच्या रॅकमध्ये केबल लावताना शेजारच्या सर्व्हरची पॉवर कॉर्ड सैल होते. लॉकवाली कॉर्ड घ्यावी का?

हो, घ्याच. साधी सी १३ कॉर्ड, म्हणजे सर्व्हरला लागते ती नेहमीची पॉवर कॉर्ड, सॉकेटमध्ये फक्त घर्षणावर टिकते, खटका वगैरे काही नसतो. मागे केबलची गर्दी असली की हात लागून ती अर्धवट बाहेर येते. पूर्ण निघाली तर निदान लगेच कळतं. अर्धवट निघालेली जास्त वाईट, कारण संपर्क ढिला पडला की तिथला रोध वाढतो, पिना तापतात, प्लास्टिक करपतं.

खरेदीआधी एक गोष्ट नक्की बघा. लॉकवाल्या कॉर्डचे दोन प्रकार मिळतात, व्ही-लॉक आणि आयईसी लॉक. व्ही-लॉकचा खटका अडकायला सर्व्हरच्या सॉकेटमध्येही खाच लागते. आयईसी लॉक मात्र नेहमीच्या सॉकेटमध्येच पिनेला पकडतं, म्हणून जुन्या सर्व्हरसाठी तेच सोयीचं. कॉर्डचं दुसरं टोक पीडीयूत, म्हणजे रॅकमधल्या वीज वाटणाऱ्या पट्टीत जातं, ते बहुतेक जण विसरतात. तिथेही लॉक हवं. आणि कॉर्ड काढताना आधी खटका सोडा, नुसती ओढू नका.

बजेट मंजूर होईपर्यंत कॉर्डला थोडी ढील ठेवून व्हेल्क्रोने रॅकला बांधा. सर्व्हरला दोन पॉवर सप्लाय असतील तर ते ए आणि बी अशा वेगळ्या फीडवर (वीजपुरवठ्याच्या लाइनवर) ठेवा, आणि दोन्ही खरंच चालू आहेत ना, हे आजच तपासा.