थायलंडच्या 'डेथ रेल्वे'ने प्रवास करावा का? इतकी माणसं जिथे मेली तिथे फिरायला जाणं बरं दिसतं का?

जरूर करा. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी युद्धकैदी आणि मजुरांकडून बांधून घेतलेली ही रेल्वे. पण नुसता क्वाय नदीवरचा पूल बघून परत फिरू नका, शेवटच्या नाम टोक स्टेशनापर्यंत जा. आणि गाडीत बसण्याआधी कांचनाबुरीत एक दिवस काढा.

आम्ही दोघांनी बँकॉकच्या थोनबुरी स्टेशनवरून सकाळची पॅसेंजर धरली होती. थर्ड क्लासचे डबे, वर पंखे, खिडक्या सताड उघड्या. परदेशी माणसाला तिकीट सरसकट १०० बाट. कांचनाबुरी (नाव आपल्या ओळखीचंच, कांचनपुरी) यायला अडीचेक तास लागतात आणि लगेच पुढे तो प्रसिद्ध पूल येतो. त्याचे कमानीदार गाळे जपान्यांनी जावाहून आणलेले. मधले दोन सरळ कडांचे गाळे युद्धानंतरचे, कारण मूळचे १९४५ च्या बॉम्बहल्ल्यांत पडले. बरेच जण इथेच फोटो काढून परततात.

खरा प्रवास पुढे आहे. थाम क्रासे इथे एका बाजूला उभा कातळ, दुसऱ्या बाजूला खाली ख्वे नोई नदी, आणि मधून लाकडी खांबांच्या सांगाड्यावरून रूळ जातात. गाडी अगदी माणसाच्या चालीने जाते आणि खालची लाकडं करकरतात. जाताना डावीकडे बसा. आम्ही उजवीकडे बसलो होतो, त्यामुळे हात काढला तर खरचटेल इतक्या जवळून नुसता कातळ दिसला. तरी तो बघितला हे बरंच झालं, कारण हा डोंगर माणसांनी हातांनी फोडलाय, हे तिथे कोणी सांगावं लागत नाही.

जपानला ब्रह्मदेशातल्या फौजेला रसद पुरवायची होती आणि समुद्रमार्ग सुरक्षित राहिला नव्हता. म्हणून थायलंडमधल्या बान पोंगपासून ब्रह्मदेशातल्या थानब्युझायातपर्यंत ४१५ किलोमीटरचा मार्ग ऑक्टोबर १९४३ पर्यंत, जेमतेम सव्वा वर्षात, पुरा केला. दोस्तराष्ट्रांचे ६० हजारांवर युद्धकैदी राबले, त्यांतले १२ हजारांहून अधिक गेले. सगळ्यात वाईट गेला तो १९४३ चा पावसाळा: कॉलरा, उपासमार आणि वर कामाची घाई.

ज्यांच्याबद्दल कमी बोललं जातं ते आशियाई मजूर. ब्रह्मी, जावाचे, मलय, आणि मलायातल्या रबराच्या मळ्यांवरचे हजारो तमिळ. मळे बंद पडले होते, हाताला काम नव्हतं. पगाराचं आमिष दाखवून नेलं, पुढे पुढे तर धरूनच नेलं. काहींसोबत बायकामुलंही होती. कैद्यांच्या छावणीत निदान त्यांचे स्वतःचे लष्करी डॉक्टर आणि अधिकारी होते. या मजुरांना कोणीच नव्हतं. अंदाजे दोन लाखांपैकी ९० हजारांच्या आसपास मेले असं मानतात. नक्की आकडा सांगता येत नाही, कारण मोजायलाच कोणी नव्हतं.

नाम टोकपुढचे रूळ युद्धानंतर उखडले. तिथून रस्त्याने 'हेलफायर पास'ला जाता येतं, मात्र त्यासाठी वेगळा दिवस ठेवा. त्या खिंडीच्या भिंतीवर पहारीने पाडलेल्या भोकांच्या उभ्या खुणा आहेत, आणि एका जागी तुटलेलं ड्रिलचं टोक अजून दगडात रुतलेलं आहे. मी त्यावर बोट ठेवलं. गंजलेलं, खरखरीत.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं म्हणाल तर, नदी सुंदर आहे, खिडकीतून ती बघताना जीव सुखावतो, त्यात अपराधी वाटून घेऊ नका. फक्त कांचनाबुरी स्टेशनजवळच्या युद्धस्मशानात तासभर जा. जवळपास ७,००० कबरी, प्रत्येकीवर ठेंगणी ब्राँझची पाटी. नाव, पलटण, वय. २२, २४, २३. आम्ही रांगेमागून रांग वाचत गेलो. त्या मळ्यांवरच्या तमिळ मजुरांपैकी एकाचंही नाव आम्हाला तिथे सापडलं नाही.