लेकीला बिबट्यांची डॉक्टर व्हायचंय

प्रश्न: आमची वस्ती जुन्नर तालुक्यात, उसाच्या पट्ट्यात. गेल्या वर्षी शेजारच्या विहिरीत बिबट्या पडला. वनखात्याबरोबर आलेल्या डॉक्टरांचं काम मुलीनं पाहिलं, तेव्हापासून 'मला हेच व्हायचंय' म्हणते. आता बारावीला आहे. घरातले म्हणतात, शेवटी ढोरांचीच डॉक्टर होणार! काय करावं? – एक आई

उत्तर: ताई, घरातले म्हणतात ते खरं आहे, आणि त्यात कमीपणा काडीचा नाही. वन्यजीवांच्या डॉक्टरलाही आधी बी.व्ही.एस्सी. अँड ए.एच. ही पशुवैद्यकाचीच पदवी घ्यावी लागते. साडेपाच वर्षं, त्यात एक वर्ष इंटर्नशिप. प्रवेश 'नीट' या प्रवेशपरीक्षेच्या गुणांवर. मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ इथं सरकारी महाविद्यालयं आहेत. तुम्हाला शिरवळ सोयीचं. तिथं ती गाई, म्हशी, शेळ्या, कुत्री यांच्यावरच हात बसवेल. पुढं शस्त्रक्रिया, औषधशास्त्र किंवा विकृतिशास्त्रात (पॅथॉलॉजी) एम.व्ही.एस्सी. ही पुढची पदवी करून वन्यजीवांकडं वळता येतं. नागपूरला गोरेवाड्यात वन्यजीव संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे, बरेलीच्या भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेतही सोय आहे.

गोठ्यातला अनुभव वाया जातो असं मुळीच समजू नका. गिधाडं कशानं जवळपास संपली? गुरांना दिलेल्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामक औषधानं. मेलेलं जनावर गिधाडांनी खाल्लं आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली. २००६ मध्ये जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली. २०१८ मध्ये गीरमध्ये सिंह दगावले, त्यांतल्या काहींत कुत्र्यांना होणाऱ्या डिस्टेंपर या रोगाचा विषाणू सापडला. गावातल्या गुरा-कुत्र्यांचं आरोग्य ज्याला कळतं, त्यालाच जंगलातल्या जनावराचं राखता येतं.

तिनं विहिरीवर पाहिलं ते काम वरून दिसतं तेवढंच नसतं. लांबून वजनाचा अंदाज घेऊन भुलीचा डोस ठरवायचा. गर्दीनं आरडाओरडा केला की जनावर बिथरतं आणि भूल नीट चढत नाही. केटामाइन या भुलीच्या औषधात डोळे उघडेच राहतात, म्हणून मलम घालून वर फडकं बांधायचं. अंग तापतं, म्हणून थर्मामीटर हातातून सुटत नाही. ऊसतोडीत बछडे सापडले तर तपासायचे, गोचीड काढायचे आणि संध्याकाळी त्याच सरीत क्रेटमध्ये ठेवून लांब व्हायचं. रात्री आई येते, मानगुटीला धरून पिल्लू घेऊन जाते. मला या साऱ्या कामात हे सर्वांत मोलाचं वाटतं. मेलेल्या जनावराचं शवविच्छेदनही तिलाच करावं लागेल, कुजलेलं असलं तरी.

आता नोकरीचं. वन्यजीवांसाठीच्या जागा थोड्या, बऱ्याच कंत्राटी. प्राणिसंग्रहालयं, वन्यप्राणी बचाव केंद्रं, वनखात्यात प्रतिनियुक्ती, एवढेच मार्ग. म्हणून एमपीएससीतून पशुधन विकास अधिकारी व्हायची वाट उघडी ठेवा. निव्वळ बिबट्याच्या भरवशावर घर चालवायचं धाडस पहिल्याच वर्षी नको. मुलगी म्हणून धास्ती वाटत असेल तर एवढंच सांगते, या कामात मुली उत्तम काम करताहेत. रेबीजची प्रतिबंधक लस मात्र वेळेवर घ्यायला लावा.

परीक्षा झाली की तिला तुमच्या तालुक्याच्या गुरांच्या दवाखान्यात पंधरा दिवस पाठवा. डॉक्टरांना आधी विचारा. अडलेली गाय, वार न पडलेली म्हैस, जखमेतल्या अळ्या तिला जवळून पाहू द्या. सोळाव्या दिवशीही ती आपणहून गमबूट चढवून निघाली, तर नीटच्या क्लासची फी बिनधास्त भरा.