‘जादा पेन्शन परत करा’ असं पत्र आल्यावर

दिव्यांग मूल किंवा भावंड सांभाळणाऱ्या घरांतून हा प्रश्न मला वरचेवर विचारला जातो. ‘इतकी वर्षं खात्यात जे पैसे येत होते ते जास्त होते म्हणतात. आता सगळे परत भरा म्हणून पत्र आलंय. कुठून भरणार? पोलीस येतील का घरी?’ विचारणारा माणूस बहुतेक वेळा कित्येक रात्री नीट झोपलेला नसतो. त्यातही पैशांपेक्षा लाजेनं तो जास्त खचलेला असतो. गावात कुणाला कळलं तर ‘सरकारचे पैसे खाल्ले’ असं बोलतील, ही धास्ती.

गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका घराची हकीकत सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. वडील केंद्र सरकारच्या एका खात्यात नोकरीला होते. निवृत्त झाले आणि तीन वर्षांत, त्रेसष्टाव्या वर्षी गेले. त्यांच्या मागे आईला कुटुंब निवृत्तिवेतन, म्हणजे फॅमिली पेन्शन, मिळू लागलं. आई गेल्यावर ते मुलीच्या नावे झालं. तिला जन्मापासून बौद्धिक दिव्यांगत्व आहे, शिवाय फिट्स येतात. घरात तिला सगळे बाय म्हणतात. कमावून स्वतःचं पोट भरू न शकणाऱ्या अशा अपत्याला हे वेतन आयुष्यभर मिळतं. कायदेशीर पालक म्हणून भावाची नेमणूक झाली होती, खातं तोच सांभाळायचा.

चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, तोंडावर असताना बँकेचं पत्र आलं. जवळपास सहा वर्षं वेतन वाढीव दरानं दिलं गेलं, पावणेसहा लाख रुपये जादा गेले, पुढच्या महिन्यापासून दरमहा वेतनातली एक तृतीयांश रक्कम कापली जाईल. भाऊ आणि त्याची बायको दोघं माझ्याकडे आली. तो पहिली दहा मिनिटं फक्त एकच सांगत होता, ‘मॅडम, मी खोटं काय बोललो नाही. बँकेनं घातले ते मी काढले.’ वहिनी मध्येच म्हणाली, ‘पण त्यातले थोडे आपण घराच्या छपराला लावले.’ आणि तो गप्प झाला. त्याच्या मनात गुन्हा घडला होता तो तिथे.

मी कागद हातात घेतले नाहीत, आधी छपराचं बोलले. पावसात गळणारं घर दुरुस्त केलं, त्याच घरात बाय राहते, तिच्या अंथरुणावर पाणी पडायचं थांबलं. पालकानं तिच्यासाठी केलेला हा खर्चच आहे. ही गोष्ट त्याच्या मनात पक्की बसल्याशिवाय पुढचं काही उपयोगाचं नव्हतं. स्वतःला चोर समजणारा माणूस समोर येईल त्या कागदावर सही करतो. तो तर एक सही करायच्या तयारीनंच आला होता. बँकेनं पत्रासोबत संमतीपत्र जोडलं होतं: जादा रक्कम हप्त्यांनी कापायला माझी हरकत नाही. खाली सहीची जागा. मी त्याला सांगितलं, हे आज नाही.

पोलिसांची भीती त्याच दिवशी काढून टाकली. खोटे कागद दिले, मेलेल्या माणसाच्या नावानं पैसे उचलले, जाणूनबुजून फसवलं, तर फौजदारी भानगड होते. बँकेनं स्वतःच्या हिशेबानं घातलेले पैसे खर्च केले हा हिशेबाचा वाद आहे.

नंतर कागद. कुटुंब निवृत्तिवेतनाचे दोन दर असतात. सुरुवातीला शेवटच्या मूळ पगाराच्या 50 टक्के, नंतर 30 टक्के. निवृत्तीनंतर मृत्यू झाला असेल तर वाढीव दर मृत्यूपासून 7 वर्षं किंवा तो माणूस 67 वर्षांचा झाला असता त्या तारखेपर्यंत, यांतलं जे आधी येईल तोवर चालतो. इथे चार वर्षांतच दर उतरायला हवा होता. मूळ रक्कम 15 हजारांची 9 हजार व्हायला हवी होती, झाली नाही. आई गेली, नाव बदललं, आकडा तोच राहिला. वर महागाई भत्ताही त्याच आकड्यावर वाढत गेला.

म्हणजे पैसे जास्त आले होते, हे खरं. भावाला वाटलं, संपलं मग. इथेच बहुतेक घरं हार मानतात. म्हणून प्रत्येकाला मी बजावून सांगते: पैसे जास्त आले का, हा एक प्रश्न. ते परत घेता येतात का, हा अगदी वेगळा प्रश्न. पहिल्याचं उत्तर ‘हो’ आलं तरी दुसऱ्याचं ‘नाही’ येऊ शकतं.

दुसऱ्या प्रश्नासाठी पाहायचं असतं की चूक कुणाची. निवृत्तिवेतनाच्या मंजुरी आदेशात, ज्याला सगळे पीपीओ म्हणतात, दोन्ही दर आणि वाढीव दर कधी संपतो ती तारीख लिहिलेली असते. तो आदेश बँकेकडे होताच. भावानं काही लपवलं नव्हतं. आईचा मृत्यूचा दाखला वेळेवर दिला होता, बायचा हयातीचा दाखला दर नोव्हेंबरात दिला होता. त्या पावत्या त्यानं एका पिशवीत सांभाळून ठेवल्या होत्या, आणि त्या पिशवीनं पुढे फार मोठं काम केलं.

सर्वोच्च न्यायालयानं 18 डिसेंबर 2014 ला पंजाब सरकार विरुद्ध रफीक मसीह या खटल्यात जादा दिलेली रक्कम कधी वसूल करू नये याच्या पाच परिस्थिती सांगितल्या. वर्ग 3 आणि 4 चे कर्मचारी, निवृत्त झालेले किंवा वर्षभरात होणारे, वसुलीच्या आदेशाआधी पाच वर्षांहून जास्त काळ चाललेलं जादा देणं, आणि जिथे वसुली अन्यायाची किंवा फार जाचक ठरेल अशी प्रकरणं, हे त्यांतले आमच्या कामाचे मुद्दे. केंद्र सरकारनं मार्च 2016 मध्ये हे आपल्या खात्यांना कळवलं. आणि गोव्यासाठी आणखी जवळचं: मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं ऑगस्ट 2020 मध्ये एका 85 वर्षांच्या निवृत्ताच्या निवृत्तिवेतनातून बँकेनं चालवलेली वसुली बेकायदा ठरवली, कापलेले पैसे परत करायला लावले. त्या घरातही एक बौद्धिक दिव्यांग मुलगी होती. गोव्यात पर्वरीला बसतं ते खंडपीठ याच उच्च न्यायालयाचं.

दुसरी बाजूही त्याला सांगितली, कारण खोटी आशा ही मदत नव्हे. 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंच म्हटलंय की ‘जास्त आलं तर परत देईन’ असं हमीपत्र देऊन बसलेल्या माणसाला तो शब्द पाळावा लागतो. वेतनाचं खातं सुरू करताना बँका असं हमीपत्र घेतात. आमच्याही प्रकरणात आईच्या सहीचं एक जुनं निघालं. म्हणून बाजू शंभर टक्के भक्कम नव्हती. पण म्हणूनच तर नवी सही द्यायची नव्हती.

मग आम्ही बँकेला साधं, दोन पानी उत्तर लिहिलं. नवा दर मान्य, तो लगेच लावा. जुन्या रकमेची वसुली मान्य नाही. महिनावार हिशेब द्या, पीपीओची प्रत द्या, आम्हाला म्हणणं मांडू न देता कपात कशी ठरवली ते लेखी सांगा. सोबत बायचं दिव्यांगत्व प्रमाणपत्र, फिट्सच्या औषधांची बिलं, घराच्या महिन्याच्या खर्चाचा कागद. हा खर्चाचा कागद वहिनीनं रात्री बसून केला. डायपर, डॉक्टरकडे जायचं भाडं, बायपाशी थांबायला लागतं म्हणून तिनं सोडलेली नोकरी, सगळं. ‘जाचक’ हा शब्द असा आकड्यांनी दाखवावा लागतो, नुसत्या विनंतीनं काही होत नाही. बँक सरकारी असल्यानं 10 रुपये भरून माहिती अधिकाराचा अर्जही टाकला. त्याला उत्तर द्यायची मुदत 30 दिवस असते. उत्तराची पोच शाखेत शिक्का मारून घेतली.

तरी पहिला हप्ता कापला गेला. भाऊ त्या दिवशी पुन्हा ढासळला, ‘आता भरूनच टाकतो, सोसायटीचं कर्ज काढतो’ म्हणू लागला. त्याला घेऊन आम्ही जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे गेलो. 1987 च्या विधी सेवा कायद्यानुसार दिव्यांग व्यक्तीला वकील मोफत मिळतो, उत्पन्न किती हे विचारलं जात नाही. स्त्रीलाही तसाच. त्यांचा फोन क्रमांक 15100. लोकांना हे माहीत नसतं, आणि ते माहीत नसल्यामुळे माणसं कर्ज काढतात याचा मला मनापासून राग येतो. वकिलानं बँकेला नोटीस दिली. 30 दिवसांत बँकेकडून समाधान न झाल्यानं बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार गेली, तीही फुकट. आणखी एक दार होतं, दिव्यांगांसाठीचे राज्य आयुक्त. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार ते चौकशी करून शिफारस करू शकतात, आणि संबंधित कार्यालयाला तीन महिन्यांत काय केलं ते कळवावं लागतं. तिथवर जावं लागलं नाही.

कपात थांबली. कापलेले हप्ते अजून परत आलेले नाहीत, त्यासाठी पत्रव्यवहार चालू आहे. वेतन आता खालच्या दरानं येतं आणि घराला ते भागवताना ओढाताण होते. त्यावर कायद्यात उपाय नाही, ते दोघांनाही मी स्पष्ट सांगितलं होतं.

गोवा सरकारच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेसारख्या मदतीबद्दल असं पत्र आलं तर हेच निकाल जसेच्या तसे चिकटवू नका. ते नोकरदार आणि निवृत्तांच्या पैशांबद्दलचे आहेत. तिथे आधी पाहायचं की अर्जात काय लिहून दिलं होतं, घरची परिस्थिती बदलल्यावर कळवलं होतं का, आणि आदेशाआधी तुमचं ऐकून घेतलं का. लेखी हिशेब मागणं, सही न करणं, मोफत वकील घेणं, हे मात्र तिथेही तितकंच लागू.

भावानं मला शेवटी विचारलं, पुन्हा असं होऊ नये म्हणून काय करू? नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला जाशील तेव्हा एक अर्ज सोबत ने, म्हटलं: सध्या कुठल्या दरानं वेतन देता आणि तो कधीपर्यंत, हे लेखी कळवा. प्रतीवर शिक्का घे आणि पिशवीत ठेव.