आपली ती स्कूटर

प्रश्न : माझी १२ वर्षांची जुनी स्कूटर दोन पावसाळे पडवीत उभी आहे. मडकईच्या एका ओळखीच्या गृहस्थांनी तिचे १५,००० रुपये देऊ केले, तेव्हा मला चक्क अपमान वाटला, कारण माझी अपेक्षा ३०,००० ची आहे. पत्नी म्हणते, हीच गाडी दुसऱ्याची असती तर तुम्ही १०,००० सुद्धा दिले नसते. मुलीला मी याच स्कूटरवरून शाळेत सोडत असे. या आठवणींमुळे असे होत असेल का?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : आपल्या पत्नीने नेमके वर्म ओळखले आहे. एखादी वस्तू केवळ आपली आहे म्हणून अधिक मोलाची वाटते, या प्रवृत्तीला अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड थेलर यांनी १९८० मध्ये नाव दिले. मराठीत तिला ‘स्वामित्व-परिणाम’ म्हणता येईल. आठवणींचा वाटा मी नाकारत नाही, परंतु सारा भार त्यांच्यावर टाकता येणार नाही, कारण थेलर, मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन आणि त्यांचे एक सहकारी यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत विद्यार्थ्यांच्या हाती होते ते कॉफीचे साधे मग, आणि तेही नुकतेच मिळालेले. त्यांपैकी कॅनडातील एका प्रयोगात मग मिळालेल्यांनी तो विकण्यासाठी मागितलेली मध्यक (सर्व किमती क्रमाने लावल्यावर मधोमध येणारी) किंमत ७.१२ डॉलर होती, तर विकत घेणाऱ्यांची तयारी २.८७ डॉलरचीच होती.

मला याच प्रयोगातला तिसरा गट सर्वांत बोलका वाटतो. त्यांना मग दिलेला नव्हता. तो हवा की अमुक रक्कम, एवढेच त्यांनी निवडायचे होते. शेवटी मग किंवा पैसे घेऊन घरी जायचे, या दृष्टीने त्यांची स्थिती विक्रेत्यांसारखीच होती, तरीही त्यांच्या लेखी मगाचे मोल ३.१२ डॉलरच ठरले. हातचे जाण्याचे दुःख तेवढेच मिळण्याच्या आनंदापेक्षा मोठे असते, हे याचे मुख्य कारण मानले जाते. (म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातल्या विक्रेत्याला ही हुरहूर लागत नाही, त्याने माल विकण्यासाठीच आणलेला असतो.)

तेव्हा आपणही तिसऱ्या गटात जाऊन बसावे. पडवी रिकामी आहे, एका बाजूला ही स्कूटर आणि दुसऱ्या बाजूला रोख १५,००० रुपये फुकट ठेवले आहेत, असे समजून आपण काय उचलाल ते पाहावे. मन स्कूटरकडे धावले तर ती खुशाल दुरुस्त करून वापरावी. पैशांकडे धावले तरी मडकईला होकार कळवण्यापूर्वी दोन मेकॅनिकांना चालू दर विचारावा. आपली अपेक्षा फुगलेली असली, म्हणून गिऱ्हाइकाचा भाव रास्त ठरत नाही.