क्लाउडवर बॅकअप घेताय, तर आधी हे बघा

टॅलीचा डेटा रोज रात्री क्लाउडवर जातो, हे उत्तमच. पण तो नेमका कुठल्या शहरात ठेवला जातो, ते बघितलंत का? मार्च 2021 मध्ये फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गला ओव्हीएच कंपनीचं एक अख्खं डेटा सेंटर जळालं. बॅकअपही त्याच आवारात असलेल्या ग्राहकांचा डेटा कायमचा गेला. म्हणून दुसरी प्रत दुसऱ्या शहरात हवीच. अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडचे मुंबई आणि हैदराबाद हे दोन्ही रीजन (म्हणजे डेटा सेंटरचे समूह) भारतातच आहेत. एकीकडून दुसरीकडे आपोआप प्रत जाऊ शकते, मात्र ते सेटिंग तुम्हालाच चालू करावं लागतं.

गुगल ड्राइव्हसारख्या जागी फोल्डर सिंक करणं म्हणजे बॅकअप नव्हे, हे कृपया मनावर घ्या. रॅन्समवेअरने, म्हणजे खंडणी मागणाऱ्या व्हायरसने, फाइली कुलूपबंद केल्या की तीच बिघडलेली फाइल वर जाते. व्हर्जनिंग (फाइलीच्या जुन्या आवृत्त्या जपणं) चालू ठेवा, ऑब्जेक्ट लॉक (ठरलेल्या मुदतीत प्रत पुसता किंवा बदलता न येणं) लावा आणि बॅकअपचं खातं रोजच्या लॉगिनपेक्षा वेगळं ठेवा.

मालकांना विचारा: किती तासांच्या नोंदी पुन्हा कराव्या लागल्या तर चालतील, आणि बिलिंग किती वेळ बंद राहिलेलं परवडेल? दिवसभर थांबता येत असेल तर अडचणीसाठी सतत तयार ठेवलेल्या दुसऱ्या सर्व्हरचं भाडं उगाच भरू नका.

दर तिमाहीला कोऱ्या लॅपटॉपवर डेटा उतरवून कालचं बिल उघडतंय का ते पाहा. जुलै 2021 च्या पुरात चिपळूणला वीज आणि मोबाइल दोन्ही गेले होते. तेव्हा ग्राहकांचे नंबर आणि एक बिलबुक कागदावरही असू द्या.